ओके दाबल्यावर काय होतं?

आदिलाबादला संकटं पाळीनं येतात. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास घुटमळतो. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर विजा, जुलै-ऑगस्टमध्ये पैनगंगा. डिसेंबर लागला की तेलंगणातली सगळ्यात कडाक्याची थंडी आमच्या वाट्याला. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वाघ. टिपेश्वरचं जंगल नदीपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात. नदी ओलांडायला आपल्याला पूल लागतो, वाघाला तोही लागत नाही. एकूण काय, इशाऱ्यांच्या बाबतीत हा जिल्हा बारमाही बागायती आहे.

पूर, ऊन आणि थंडी यांची इथल्या माणसाला सवय आहे. आता त्यांची वर्दी देणाऱ्या वस्तूंची सवय करायची आहे, आणि ते काम जास्त जड जातंय. माझं बरीच वर्षं निरीक्षण आहे, की माणूस किती घाबरणार हे पाणी किती चढलं यावर फारसं ठरत नाही. बातमी कशातून आली, यावर ठरतं. पैनगंगेला पूर आला असं आकाशवाणीच्या आदिलाबाद केंद्रानं सांगितलं की माणूस ‘हं’ म्हणतो आणि पान लावतो. तेच टीव्हीवर लाल पट्टीत सरकलं की उठून बसतो. व्हॉट्सॲपवर आलं की स्वतः वाचायच्या आधी मेव्हण्याला पाठवतो. आणि तेच सांगायला खिशातला फोन कोणी न लावता आपणहून केकाटला, तर त्याला पुरापेक्षा थकलेला हप्ता आधी आठवतो.

माझ्या मामांचं गाव जैनद मंडलात, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात जो भाव देईल त्याची भाषा. नदीपलीकडे महाराष्ट्र. गावातल्या फोनला मात्र ही हद्द मान्य नाही. ओसरीवर तो तेलंगणात असतो, मागच्या परसात गेला की पलीकडचा टॉवर पकडून महाराष्ट्रात जातो. मामींना पूर्वी भाजी तोडायला गेल्या की नव्या राज्यात स्वागत असल्याचा मेसेज यायचा. ‘घरच्यांनी नाही केलं कधी एवढं स्वागत,’ असं त्या मामांना ऐकवायच्या.

20 जुलै 2023 ला सकाळी साडेदहाच्या सुमारास देशात ठिकठिकाणी फोन वाजले. दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण मिळून एक नवी यंत्रणा तपासत होते. महाराष्ट्रात आधी इंग्रजीत आणि थोड्या वेळानं मराठीत मेसेज आला: हा नमुना आहे, चाचणी आहे, तुम्हाला काहीही करायचं नाही. वाक्य निरुपद्रवी होतं. पण त्याच्या आधी जो आवाज होता, त्यानंतर वाक्य वाचायला डोकं जागेवर कोणाचं होतं?

मामांचा फोन परसाकडच्या खोलीत डाळीच्या डब्यावर चार्जिंगला होता. त्यांनी तो सायलेंट केलेला होता, कारण सकाळी कर्जवाल्यांचे फोन येतात. या यंत्रणेला सायलेंट वगैरे मान्य नाही. फोन ओरडायला लागला, थरथरायला लागला, आणि थरथरत थरथरत डब्याच्या कडेकडे सरकायला लागला.

‘अवं, उचला ना थो!’ मामी.

‘उचलू कसा? हिरवं बटन कुठी हाय याच्यावर?’

हिरवं बटण नव्हतंच. एक चौकट होती आणि खाली फक्त ‘ओके’. मामांनी ते दाबायला साफ नकार दिला. यात त्यांचा दोष नाही. कुठल्याही अनोळखी बटणावर बोट ठेवू नका, खातं रिकामं होईल, हे गेली काही वर्षं बँकेनंच त्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलंय. आता सरकारनं एकच बटण दिलं आणि तेही अनोळखी. मामा म्हणाले, ‘ओके म्हंजे आपून कबूल केलं ना. काय कबूल केलं थे तं समजू द्या.’ शेवटी शेजारचा पोरगा आला आणि त्यानं मामांच्या देखत बिनदिक्कत ओके दाबलं. मामांनी लगेच पासबुक काढून ठेवलं. दुपारी बँकेत जाऊन भरून आणलं. खात्यात होते तेवढेच पैसे होते, याचं त्यांना समाधान झालं आणि तेवढेच होते याचं थोडं वाईटही वाटलं.

खरी गंमत पुढे झाली. गावातले सगळे फोन वाजले नव्हते. आणि ज्यांचे वाजले ते एकदाच दचकले, पण ज्यांचे वाजले नाहीत ते आठवडाभर अस्वस्थ होते. समोरच्या घरातले काका संध्याकाळी हातात फोन घेऊनच आले. ‘तुमचा वाजला, माहा काहून नाही वाजला?’ त्यांना शंका होती की वाचवायच्या माणसांची यादी निघाली आणि तिच्यात त्यांचं नाव आलं नाही. शंका अगदीच बिनबुडाची म्हणता येत नाही. रेशन यादीवर, पेन्शन यादीवर, शेतकऱ्यांना तेव्हा मिळणारे रयतु बंधू योजनेचे एकरी पैसेही यादीवर. सरकारकडून आलेली एखादी गोष्ट बिनयादीची असेल, हे सीमेवरच्या माणसाला पटायला जड जातं. ‘लिंक करावं लागते का काही?’ त्यांनी विचारलं. आधार कार्डाची झेरॉक्स त्यांच्या खिशात होती.

मी त्यांना समजावलं, ते असं. साधा एसएमएस नंबरवर जातो, एकेकाला, पोस्टमन दारोदार फिरतो तसा. हा जो आरडाओरडा आहे त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात आणि तो नंबरवर जातच नाही. टॉवर एकदाच पुकारतो आणि त्या टॉवरच्या हद्दीत असलेला, ही सोय असलेला प्रत्येक फोन ते ऐकतो. म्हणून लाखो लोकांना एकाच वेळी जातो आणि नेटवर्क तुंबत नाही. तुमचा नंबर कोणाकडे नाही, तुमचं नाव कोणाला माहीत नाही. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हंजे आपलं नाव कोणालेच मालूम नाही.’ ते आले होते त्याहून जास्त काळजीत परत गेले.

त्या आठवड्याचं एक सांगायलाच हवं. 19 जुलैच्या रात्री रायगड जिल्ह्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली होती. तिथे कुठला फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी महाराष्ट्रातले फोन ओरडून सांगत होते की काहीही झालेलं नाही. आणि 22 जुलैला आमच्या नदीपलीकडे, महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यात पुरानं वेढलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. चाचणी आणि संकट यांच्यात दोन-तीन दिवसांचं अंतर होतं. मामा अजून चाचणीच्याच धक्क्यात होते. पाणी आलं तेव्हा मात्र ते उठले, खताची पोती माळ्यावर चढवली, बैल सोडून वरच्या आखराकडे नेले आणि तिथे चिलीम पेटवून बसले. पाण्याशी त्यांची ओळख जुनी आहे.

फोनच्या आधी गावाला इशारा द्यायचं एकच यंत्र होतं, डफडं. दवंडी देणारा चावडीपाशी थांबायचा, चार टोले हाणायचा आणि ओरडायचा की पाणी चढतंय हो, ढोरं सोडा. मामांनी ते पाहिलंय, ऐकलंय. या यंत्राची मोठी सोय अशी होती की त्याला उलट प्रश्न विचारता यायचा.

‘किती चढलं?’

‘मारुतीच्या दुसऱ्या पायरीले हाय.’

‘आमच्या घरापोतर येते का?’

‘तुमच्याइकडे कायले येते? आन् आलं तरी राती येईन. जेवून घ्या.’

मग त्याला चहा. चहा पिताना त्याच्या तोंडाकडे बघायचं. त्याचं स्वतःचं घर नदीला सगळ्यात जवळ. तो बसून चहा पितोय म्हणजे वेळ आहे. तो चहा न घेता पुढे गेला तर मात्र उठायचं. इशारा डफड्यात कमी आणि वाजवणाऱ्याच्या चालीत जास्त असायचा. फोनला तोंड नाही, घर नाही, तो चहा पीत नाही. टॉवरकडून फोनकडे एवढीच वाट आहे, उलटी वाट यंत्रणेतच नाही. ‘किती चढलं’ असं विचारावं तर समोर ओके. न विचारलेला प्रश्न मग रात्रभर माणसाच्या पोटात फिरत राहतो आणि त्यालाच आपण अलीकडे टेन्शन म्हणतो.

बरं, आकडे मिळाले तरी फरक पडतो असं नाही. वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. पावसाळ्यात तिथून पाणी सोडल्याचे मेसेज व्हॉट्सॲप गटावर येतात: अमुक इतका विसर्ग, अमुक इतके क्युसेक. मामांनी एकदा मला विचारलं, एक क्युसेक म्हणजे किती? सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर, म्हणजे मोठ्या दोन घागरी. त्यांनी दहा हजार क्युसेकचा हिशेब केला, सेकंदाला वीस हजार घागरी, आणि ते बराच वेळ गप्प झाले. आकडा कळेपर्यंत त्यांना झोप येत होती.

हवामान खात्यानं आकड्यांऐवजी रंग आणले. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हलायला लागा. पिवळ्या रंगाचं आमच्याकडे काही वजन नाही, कारण जुलैत तो रोजचाच. नारिंगीला मामी वाळवण आत घेतात. लाल आला की शाळेला सुट्टी मिळते का ते पाहिलं जातं. घरातल्या पोरांइतकं हवामानाकडे आस लावून बघणारं या जिल्ह्यात दुसरं कोणी नाही, आणि त्यांना अजिबात भीती वाटत नाही.

भीती वाटते ती लांबच्याला. जुलै 2022 मध्ये कडेम धरणावर असंच झालं. तेव्हा पाण्याचा लोंढा धरणाच्या झेपेपलीकडे गेला होता. अठरा दारांपैकी एक उघडेना, पाणी वरून जायला लागलं. खालची गावं रातोरात रिकामी केली. कडेम आता निर्मल जिल्ह्यात. 2016 च्या वाटणीत आदिलाबादचे चार जिल्हे झाले त्यात तिकडे गेलं. धरण टिकलं. आमचे एक पाहुणे त्या खालच्या गावांपैकी एकात राहतात. ते बायकापोरं, शेळ्या आणि टीव्ही घेऊन उंचावरच्या शाळेत गेले आणि तिथे झोपले. इकडे आदिलाबादला त्यांचे व्याही रात्रभर जागे, कारण त्यांच्या हातात फोन होता आणि फोनवर धरण दर अर्ध्या तासानं फुटत होतं. त्यातलं एक धरण तर बघणाऱ्याला परदेशातलं आहे हे कळावं. काठावरच्या झाडांना पानंच नव्हती. पहाटे व्याह्यांनी न राहवून फोन लावला. पाहुणे झोपेतून उठून म्हणाले, ‘काय झालं? तिकडे काही झालं का?’

विजेचं प्रकरण याहून नाजूक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं ॲप काढलंय. आपल्या 20 आणि 40 किलोमीटरच्या त्रिज्येत वीज पडत असेल तर ते सांगतं. चांगली गोष्ट आहे. दर जूनमध्ये या भागात शेतात, झाडाखाली माणसं जातात. एका भाच्यानं हौसेनं मामांच्या फोनवर ते टाकून दिलं. आता मामांची दुसरी एक श्रद्धा आहे, आणि ती गावात सगळ्यांचीच आहे, की मोबाइल वीज ओढतो. शास्त्राला हे मान्य नाही. मोबाइलनं वीज येत नाही, उघड्या रानात उभं राहिल्यानं येते. पण मामांना शास्त्रापेक्षा वीज जास्त जवळची. म्हणून आभाळ भरून आलं की ते पहिली गोष्ट करतात ती म्हणजे फोन घरी ठेवतात आणि मग शेतात जातात. विजेचा इशारा देणारं यंत्र विजेच्या भीतीनं डाळीच्या डब्यावर. ते तिथे इमानेइतबारे वाजतं. मामी त्याच्याकडे बघतात, मग आभाळाकडे बघतात, आणि पोराला शेताकडे पिटाळतात, ‘बापाले सांग, फोन म्हणते घरी या.’ दवंडीवाला परत आला म्हणायचा, फक्त आता तो घरचाच आहे आणि सातवीत आहे.

या पोराचं या सगळ्यात महत्त्व फार वाढलंय. त्याचं कारण लिपी. अलीकडच्या टॉवरवरून इशारा तेलुगूत येतो. मामा तेलुगू फर्डं बोलतात, आदिलाबादच्या कापूस मार्केटात अडत्याशी तेलुगूत भांडतात, पण त्यांची शाळा मराठी, अक्षर मराठी. तेलुगू अक्षरं त्यांना दिसायला छान वाटतात, एवढंच. पोरगा तेलुगू माध्यमात. त्यामुळे फोन केकाटला की आधी पोराला हुडकायचं. तो क्रिकेट टाकून येतो, घाम पुसतो आणि शाळेत धडा वाचायचा असतो त्या सुरात, प्रत्येक शब्दावर अडत, इशारा वाचतो. अतिवृष्टीचा इशारा पूर्ण होईपर्यंत कधी कधी पाऊस पडून जातो.

याच सीमेवर पुढे, जिवतीच्या डोंगरावर, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्याला लागून, चौदा गावं आहेत: परमडोली, मुकादमगुडा, महाराजगुडा वगैरे. त्यांच्यावर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितलाय. तिथल्या लोकांकडे दोन रेशनकार्डं, दोन मतदार यादीत नावं, दोन शाळा. आमच्या समोरच्या काकांना या गावांचा भारी हेवा वाटतो. ‘त्यायचा दोन्हीकून वाजत असन,’ ते म्हणतात.

आवाजाचा विषय निघाला आहे तर टीव्हीचंही सांगतो. मे 2025 मध्ये युद्धाचे ढग होते, 7 तारखेला देशभर सायरनची रंगीत तालीम झाली. मग वृत्तवाहिन्यांना तो आवाज इतका आवडला की बातम्यांच्या मागे दिवसभर सायरनच. मामींची म्हैस आटली नाही एवढंच. शेवटी 10 मे ला सरकारनं वाहिन्यांना सांगितलं की जनजागृतीखेरीज हा आवाज वापरू नका, लोकांना त्याची सवय होईल आणि खरा वाजेल तेव्हा कोणी हलणार नाही. तोवर मामांनी स्वतःचा तोडगा काढला होता. टीव्हीचा आवाज बंद करून ते नुसत्या बातम्या बघायचे. निवेदकाच्या तोंडाकडे बघून, ‘हा खोटं बोलून राह्यला’ किंवा ‘याले स्वतःलेच मालूम नाही’ असा निर्णय द्यायचे. त्यांचा अंदाज बरेचदा बरोबर यायचा. दवंडीवाल्याच्या तोंडावरून शिकलेली विद्या.

मोठ्या देशांत हे सगळं फार नीट चालतं असा आपला एक समज असतो. 13 जानेवारी 2018 ला अमेरिकेतल्या हवाई बेटांवर सकाळी सगळ्यांचे फोन वाजले: क्षेपणास्त्र येतंय, आडोसा धरा, ही चाचणी नाही. एका कर्मचाऱ्याच्या हातून गेलेला मेसेज. लोकांनी पोरांना गटाराच्या झाकणाखाली उतरवलं. चूक झाली असं फोनवर सांगायला 38 मिनिटं लागली. चूक आहे हे तिथल्या गव्हर्नरांना त्याच्या बरंच आधी कळलं होतं, पण त्यांना ट्विटरचा पासवर्ड आठवेना. हे मी मामांना सांगितलं तेव्हा गव्हर्नरांबद्दल त्यांना एकदम आपुलकी वाटली. आमच्या सरपंचांचाही पासवर्ड त्यांच्या मुलाकडे असतो, आणि मुलगा हैदराबादला असतो.

राहिला वाघ. वाघासाठी अजून टॉवर पुकारत नाही, आणि माझ्या मते ते बरंच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये किनवटकडून निघालेला एक वाघ जोडीदारीण शोधत आदिलाबाद-निर्मलच्या रानांतून महिनाभर भटकत होता. त्याला जॉनी नाव पडलं. प्रेमात पडलेला म्हणून त्याला सगळीकडे सहानुभूती मिळाली, सगळ्यात जास्त ज्यांच्या शेतात तो गेला नाही त्यांच्याकडून. महिनाअखेरीस कागजनगरकडे कापूस वेचणारी एक तरुणी वाघाच्या हल्ल्यात गेली आणि विनोद संपला. वनखात्यानं तिकडे शेतकऱ्यांना मुखवटे वाटले, डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. वाघ पाठीमागून येतो. त्याला वाटावं की समोरचा आपल्याकडेच बघतोय. संपूर्ण मुलखातलं हे एकच उपकरण असावं जे माणसाला न घाबरवता वाघाला घाबरवतं. चार्जिंग लागत नाही, ओके दाबावं लागत नाही.

त्याच दिवसांत मामांच्या गावातही पायाचे ठसे निघाले. सकाळी वनखात्याचा बीटवरचा माणूस मोटारसायकलवर आला. दहानंतर शेतात जा, चारच्या आत परत या, एकट्यानं जाऊ नका, बोलत बोलत वेचा. मग प्रश्न सुरू झाले. ठसे किती मोठे? नर का मादी? कोणाच्या धुऱ्यावर? आमच्या बैलाचं काय? खाल्ला तर पैसे किती दिवसांत? त्यानं एकेकाला उत्तर दिलं, जिथे माहीत नव्हतं तिथे ‘मले नाही मालूम’ म्हणाला, आणि चहा घेतला. बायका घोळक्यानं शेतात गेल्या, आणि बोलत वेचायचं ही सूचना त्यांनी इतकी मनावर घेतली की वाघ काय, मुकादमही जवळ आला नाही.

जाताना बीटवरच्या माणसानं मामांना आपला नंबर दिला, काही दिसलं तर लावा म्हणाला. मामांना त्याचं नाव विचारायचं सुचलं नाही, म्हणून त्यांनी नंबर ‘वाघ’ या नावानं सेव्ह केला. वाघ पुढे निघून गेला. संक्रांतीच्या सकाळी मामा आंघोळीला बसले होते. डाळीच्या डब्यावरचा फोन वाजला, तीळगुळाच्या शुभेच्छा द्यायला. मामींनी पडद्यावरचं नाव वाचलं आणि न्हाणीच्या दारापाशी जाऊन खालच्या आवाजात विचारलं, ‘अवं, वाघाचा फोन हाय. काय सांगू, घरी नाहीत म्हणू?’